आमच्या बॅजचं शून्य

आमच्या घरी दूध आलं की मी आधी वास घेते, मग चमचाभर तळहातावर घेऊन बघते आणि मगच पातेलं गॅसवर ठेवते. नवरा म्हणतो, हिला देवीनं स्वतः प्रसाद दिला तरी ही उलटून पालटून बघेल. त्यात खोटं काही नाही. स्वभावच तसा. आई म्हणायची, "आमच्या शैलीला दुधात आधी पाणी दिसतं, मग दूध." पुढं नोकरी लागली तीही अशी की तिथं संशय घेणं हेच काम होतं, त्यामुळं उभा जन्म सुखात गेला म्हणायला हरकत नाही.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट होते. हे नाव सांगितलं की लोक दोन पावलं मागं सरकतात. अणुबाँबचं काहीतरी असावं असं वाटतं त्यांना. सोपं करून सांगते. एक्स-रेमध्ये किरणं यंत्रातून निघतात आणि माणसातून आरपार जातात. आमच्याकडं उलटं. आम्ही किरणं देणारं औषध माणसाच्या शिरेत सोडतो, ते हाडात, थायरॉइडमध्ये, जिथं जायचं तिथं जाऊन बसतं, आणि मग काही तास तो माणूसच किरणं देत राहतो. यंत्र नुसतं समोर बसून टिपून घेतं. एक्स-रेचं बटण बंद केलं की किरणं बंद. आमच्या पेशंटला बटण नसतं.

हे औषध एका शिशाच्या जडशीळ डब्यात यायचं आणि रोज सकाळी त्यातून लागेल तेवढं काढून घ्यायचं. त्याला आम्ही 'धार काढणं' म्हणायचो. आठवड्याची पहिली धार दाट, शेवटची पातळ. नवीन आलेल्या पोरींना मी तीन गोष्टी शिकवायचे. जवळ कमीत कमी वेळ थांबायचं, जमेल तेवढं लांब राहायचं आणि मध्ये काहीतरी आड ठेवायचं. त्या घाबरून बघायला लागल्या की मी म्हणायचे, "अगं, सासूशी वागताना जे करता तेच इथं करायचं." हसायच्या, आणि पाठ व्हायचं.

पेशंटांचीही एकेक तऱ्हा. माझ्याच परंड्याचे एक आजोबा हाडांच्या स्कॅनसाठी आले होते. जाताना मी त्यांना बजावलं की आजचा दिवस नातवाला मांडीवर घेऊ नका, लोकांपासून जरा अंतर ठेवा. आठवड्यानं रिपोर्ट न्यायला आले ते हसत हसतच.

"बाई, तुमचं औशद लई भारी. यष्टीत पाय ठेवाया जागा न्हवती. म्या म्हणलं, लोकहो, माझ्या अंगात किरणं सोडल्यात, जरा लांब ऱ्हावा. दोन बाकडी रिकामी झाली बगा! परंड्यापतुर आडवा होऊन गेलो."

आणि जाता जाता विचारलं, "परत कवा टोचणार?"

लोकांना किरणांची भीती वाटते ती अशी यष्टीत. आम्हा कामवाल्यांना ती हळूहळू वाटेनाशी होते, आणि खरा धोका तिथं असतो. दिसत नाही, वास येत नाही, चटका बसत नाही. रोज त्यात वावरलं की माणूस म्हणतो, काही नाही होत. मी मात्र चहाचा कप कुठल्या टेबलावर ठेवला होता ते आठवेना झालं तर चहा ओतून द्यायचे. आमच्या विभागात मला माघारी 'सीआयडी बाई' म्हणत. मला ते आवडायचं.

आमचं हॉस्पिटल धाराशिवहून तुळजापूरकडं जाताना रस्त्याला लागूनच आहे. नाव सांगत नाही. विभागात आम्ही मोजकीच माणसं. विभागप्रमुख डॉक्टर, त्यांना सगळे साहेब म्हणत, आणि किरणांपासून सुरक्षिततेची जबाबदारीही त्यांच्याकडंच. माझा जोडीदार टेक्नॉलॉजिस्ट मल्लिनाथ, उमरग्याकडचा. कपाळाला विभूती, घरी कानडी, बाहेर मराठी, आणि मला 'अक्का' म्हणायचा. कामात नीटनेटका पण अबोल. अबोल माणसाचा मला आधीपासूनच संशय. आणि संगीता, आमची नर्स. सुई लावण्यात तिचा हात इतका हलका की लहान मुलंही रडायची नाहीत. ती कंत्राटावर होती. दरवर्षी करार नवा व्हायचा.

आता बॅजचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. आम्ही सगळे छातीवर एक बॅज लावायचो. त्याच्या आत बारीक चकत्या असतात, त्या अंगावर पडणारी किरणं साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज तपासायला बाहेर पाठवायचे, मग तिथून कळायचं की कोणावर किती किरणं पडली. पण किरणं काही फक्त आमच्याच खोलीत नसतात. मातीत असतात, आकाशातून येतात, तुम्ही हा अंक वाचताय त्या खोलीतही थोडी आहेत. ती वजा केल्याशिवाय कामामुळं किती लागली ते समजत नाही. म्हणून एक बॅज कोणीच लावत नाही. तो जिथं कामाची किरणं पोचत नाहीत अशा जागी नुसता ठेवून देतात आणि बाकीच्यांबरोबरच पाठवतात. त्याच्यावर जे भरेल ते सगळ्यांच्या आकड्यातून वजा होतं. तेल आणायला बरणी नेली की दुकानदार आधी रिकाम्या बरणीचा धडा करतो ना, तसंच. आम्ही त्या बिनमालकाच्या बॅजला 'धडा'च म्हणायचो.

तर आमच्याकडं पेट स्कॅनचं नवं यंत्र आलं. कॅन्सर शोधायचं. त्यात किरणं देणारी साखर टोचतात. कॅन्सरच्या गाठीला साखरेची भारी हाव, ती साखर ओढून घेते आणि चित्रात उजळते. ही साखर पहाटे हैदराबादहून गाडीनं निघायची. बर्फाच्या लादीसारखी तिची गत, वाटेतच अर्ध्याहून जास्त विरून जायची. आली की घाई. सुई दिली की पेशंटनं तासभर गप पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. त्यासाठी जाड भिंतींची एक खास खोली बांधलेली होती. पण पेशंट वाढले, ती खोली पुरेना, म्हणून शेजारच्या चादरी ठेवायच्या खोलीत दोन खाटा टाकल्या. "तात्पुरती सोय," साहेब म्हणाले. ज्या गोष्टीला तात्पुरती म्हणतात ती कायमची होते हे सरकारी शाळेपासून आपण बघत आलोय. मी कुरकुर केली, पण पेशंट रांगेत होते आणि कोणाला परत पाठवायचं माझ्याही जिवावर यायचं.

पुढचा बॅजचा अहवाल आला. सगळ्यांचं शून्य.

साहेबांनी पेढे वाटले. "बघा, नवं यंत्र आलं, काम दुप्पट झालं, तरी एकाच्याही अंगावर काही नाही. याला म्हणतात शिस्त!" मी पेढा खाल्ला आणि मागचे आकडे आठवू लागले. आधी काम कमी असताना माझा आकडा छोटा का होईना पण यायचा. आता ती साखर जुन्या औषधापेक्षा कितीतरी जोरकस, पेशंट दुप्पट, आणि आकडा गायब! कष्ट वाढले आणि घाम आटला, असं कधी झालंय?

मी साहेबांना तसं बोलूनही दाखवलं.

"शैलाताई, शून्य आलं तर माणसानं आनंद मानावा. जास्त आलं असतं तर तुम्ही मला खाल्लं असतं."

"कमी आलं तरी खाईन साहेब. खरं आलं पाहिजे."

ते हसले आणि फोन घेतला. पुढच्या तीन महिन्यांचा अहवालही तसाच आला.

आता या धंद्यात एक जुनी खोड आहे. आकडा जास्त आला की चौकशी लागते, कामावरून बाजूला करतात, म्हणून काही जण बॅज छातीवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि खुशाल काम करतात. बॅज बिचारा शून्य सांगतो. पण इथं माझंही शून्य होतं, आणि मी तर बॅज काढत नव्हते. मग कोणीतरी बॅजच बदलत असणार. बॅज गोळा करून, बांधून पाठवण्याचं काम मल्लिनाथचं. साहेबांना शून्य आवडतं हे त्याला माहीत. माझ्या डोक्यात सगळी कडी जुळली. मी नेलपॉलिशची बाटली आणली आणि सगळ्यांच्या बॅजच्या खालच्या कडेला, दिसेल न दिसेल असा एकेक लाल ठिपका दिला. तो बदलाबदली करत असेल तर पाठवायच्या दिवशी ठिपके गायब असतील. सापडलाच समजा.

मल्लिनाथवर नजर ठेवायला सुरुवात केली तेव्हा लक्षात आलं की तोही माझ्यावर नजर ठेवून आहे. संध्याकाळी बॅज ठेवायचं कपाट मी उघडलं की हा दारात. मी वळले की हा नळ सोडून हात धुतोय. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

त्याच सुमारास एके दिवशी संगीतानं मला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं आणि हळूच सांगितलं की तिला दिवस गेलेत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर, नवस, सगळं झालं होतं. तिचे डोळे भरून आले आणि माझेही. पण लगेच नियम आठवले. पोटात बाळ असताना आमच्या कामाचे नियम फार कडक होतात. एवढंसं बाळ, त्याला किती लागू द्यायचं याची मर्यादा अगदी थोडी. तिनं साहेबांना सांगावं असं मी म्हटलं. तिनं सांगितलंही.

साहेबांनी अहवाल काढून तिच्यापुढं ठेवला. "तुझं तर शून्यच येतंय. मग काळजी कसली? सांभाळून काम कर."

माणूस वाईट नव्हता तो. कागदावर विश्वास ठेवणारा होता, एवढंच. आणि संगीताला तर ते शून्य म्हणजे काळभैरवाचा अंगाराच वाटला. सुटीवर जायचं नव्हतं तिला. करार नवा व्हायची वेळ जवळ आली होती. मी मात्र त्या शून्याकडं बघून रात्रंदिवस जळत होते. मी चोर पकडेपर्यंत ती त्या तात्पुरत्या खोलीत वाकून वाकून सुया देत होती.

मग बॅज पाठवायचा दिवस आला. मी मुद्दाम मल्लिनाथच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "दे, मीही मदत करते." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. एकेक बॅज उलटा करून बघितला. माझे लाल ठिपके सगळेच्या सगळे जागेवर होते. आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी सुईनं ओढलेली एक बारीक रेघ होती.

"ही रेघ कोणी ओढली?" मी म्हटलं.

"हा ठिपका कुणी लावला अक्का?" तो म्हणाला.

तो कानापर्यंत लाल झाला.

"खरं सांगू का अक्का, म्या तुमच्यावरच डोळा ठेवून होतो. संध्याकाळी सगळ्यात शेवटी तुमी जातावं. कपाटाची किल्ली तुमच्याकडं. म्हणलं, साहेबाला खूश करायला ह्याच बॅज बदलायल्यात."

"मी? साहेबांना खूश?"

"तेच ना! म्हणूनच तर लई इचार केलो," तो म्हणाला आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. इतक्या वर्षांत आम्ही असे मोकळेपणानं पहिल्यांदाच हसलो असू. पण हसू ओसरल्यावर दोघांचेही चेहरे उतरले. बॅज खरे होते. आम्ही खरे होतो. मग शून्य कुठून येतंय? चोर सापडला असता तर बरं झालं असतं. आता कोणावर संशय घ्यावा तेच कळेना.

दुसऱ्याच दिवशी संगीताची सासू आली. सोनारीची, काळभैरवाच्या देवळामागं त्यांचं घर. सुनेचा डबा द्यायचं निमित्त केलं होतं, पण डबा तिच्या हातात तसाच. मी बाकावर बसा म्हटलं तर बसायला तयार नाही.

"हितं आधी कोण बसलं हुतं?"

मला बाई तिथंच आवडली. म्हटलं, ही आपल्या जातकुळीची. मी तिला माझ्या स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तिनं पदर सावरला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तुमी मोठ्या हाव हितं. म्या अडाणी, मला ते आकडं कळत न्हाईत. एकच सांगा. तुमची लेक पोटुशी असती, तर तिला त्या खोलीत काम करू दिलं असतं का?"

अशा प्रश्नाची उत्तरं आम्हाला शिकवलेली असतात. मर्यादा असते, मोजमाप असतं, घाबरू नका. मी सुरूही केलं, "हे बघा मावशी, तिचा रिपोर्ट शून्य आला आहे..."

"रिपोर्टाचं न्हाय इचारायले मी. तुमच्या लेकीचं इचारायले."

मला एकच लेक. तेव्हा नुकतंच तिचं लग्न झालं होतं. ती डोळ्यांपुढं आली आणि शिकवलेलं सगळं जिभेवरून निघून गेलं.

"नसतं दिलं," मी म्हणाले.

म्हातारी उठली. मी संगीताला बोलावलं आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता सासूबरोबर घरी जा, ताप आलाय म्हणून मी कळवते, बोलावल्याशिवाय यायचं नाही. ती माझ्यावर अशी उखडली की काय सांगू. एरवी 'मॅडम, मॅडम' म्हणून मागं मागं असणारी पोर.

"साहेबांनी हो म्हटलंय, रिपोर्ट शून्य आहे, मग तुम्हाला काय खुपतंय? करार होईस्तोवर मी आजारी पडले तर मला कोण ठेवून घेणार? तुम्ही कायम आहात मॅडम. तुम्हाला संशय परवडतो."

हे बोलणं मला सुईसारखं लागलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं.  सासूनं तिच्या हाताला धरलं आणि दोघी गेट ओलांडून गेल्या. आता माझा संशय खोटा निघाला तर मी एका पोरीची भाकरी घालवली होती, आणि खरा निघाला तर त्याहून वाईट होतं. देवीला काय मागावं तेही कळेना.

मी आणि मल्लिनाथ जेवायच्या सुटीत कँटीनमध्ये बसलो. बॅज खरे, माणसं खरी. हिशेबात आणखी काय असतं? मल्लिनाथनं भाकरीचा तुकडा हातातच धरला आणि म्हणाला, "अक्का, धडा."

धडा! रिकाम्या बरणीचं वजनच जास्त धरलं तर तेल कमी भरणार. धड्यावर जर किरणं पडत असतील तर तेवढी आम्हा सगळ्यांच्या आकड्यातून वजा होत असणार, आणि आम्ही शून्याचे पेढे खात असणार. पण धडा होता साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीला लावलेल्या कपाटात, दिवाळीला आलेल्या सुक्या मेव्याच्या खोक्यांमागं. वर्षानुवर्षं तिथंच. त्याहून सुरक्षित जागा सगळ्या इमारतीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आत आम्ही किरणं मोजायचं मीटर घेऊन केबिनमध्ये शिरलो. कपाट उघडलं, मीटर धरलं. काही नाही. घरात जेवढं दाखवेल तेवढंच. खालून, वरून, खोकी काढून, सगळीकडून बघितलं. मल्लिनाथनं हात टेकले. "जाऊ द्या अक्का. आपलंच कायतरी चुकायलंय." मीही मीटर खाली ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आई म्हणायची तेच खरं, दूध चांगलंच असतं आणि पाणी माझ्या डोळ्यांत असतं.

दुपारी साहेबांनी संगीताच्या सुटीच्या अर्जावर माझी सही घ्यायला बोलावलं. मी त्यांच्या टेबलापुढं उभी, ते कपाटाच्या भिंतीला पाठ लावून बसलेले. तेवढ्यात कोणीतरी खोकलं. चांगलं दणकून, छातीतून. मी दाराकडं पाहिलं, कोणी नाही. पुन्हा खोकला आला. तो साहेबांच्या पाठीमागून येत होता.

"हे कोण खोकतंय साहेब?"

"असेल कोणी पलीकडं," ते म्हणाले, "रोजचंच आहे."

पलीकडं म्हणजे चादरींची खोली. तात्पुरती खोली. दोन खाटा, त्यांची डोकी या भिंतीला, त्यांवर अंगात ती जोरकस साखर घेऊन पडलेले पेशंट. त्या भिंतीत शिसं नव्हतं, जाडी नव्हती, चार इंची साधी वीटभिंत. खोकला येतो तिथून किरणं काय थांबतात? आणि सकाळी मीटर गप्प का होतं तेही लक्षात आलं. सकाळी हैदराबादची गाडीच आलेली नसते, खाटा रिकाम्या असतात. दिवसा पेशंट येतात तेव्हा आमचे बॅज आमच्या छातीवर असतात, आणि धडा एकटाच त्या भिंतीला टेकून बसलेला असतो.

मी बाहेर गेले आणि मीटर घेऊन आले. कपाट उघडायच्या आधीच ते कावकाव करायला लागलं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी बघत होते, त्यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर आपली खुर्ची भिंतीपासून लांब ओढली. मग म्हणाले, "बॅज तपासणाऱ्यांचा फोन आला होता मागं. तुमच्याकडचा धडा जरा जास्त दाखवतो, असं म्हणत होते. मी म्हटलं, आमची इमारत काळ्या दगडाची आहे."

"साहेब, आमचा परंड्याचा अख्खा किल्ला काळ्या दगडाचा आहे," मी म्हणाले. "त्या दगडात किरणं नावालाच असतात." एरवी त्यांनी मला गप्प बसवलं असतं. त्या दिवशी नाही बसवलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. ती खोली बंद झाली, धडा दुसऱ्या इमारतीत गेला, मागचे आकडे नव्यानं काढून आले. कोणाचंही मर्यादेबाहेर नव्हतं. हे मी ठासून सांगते, कारण हा लेख वाचून कोणी स्कॅन टाळावा असं मला नको. पेशंटला एकदा लागतं ते अगदी थोडं, आणि त्यातून जीव वाचतात. आमचे आकडेही घाबरण्यासारखे नव्हते. संगीताचाही, बाळाच्या कडक मर्यादेनं बघितला तरी, आत होता. पण शून्य नव्हता. दिवस गेल्याचं तिला कळायच्या आधीचे आठवडे होते, आणि कळल्यावरचे, साहेबांनी 'सांभाळून काम कर' म्हटल्यावरचेही होते. तेवढं तिच्या पोटातल्या जिवाला लागलं होतं.

ते तिला सांगायला मी स्वतः सोनारीला गेले. तिनं ऐकून घेतलं. मी सांगितलं की एवढ्यानं बाळाला काही होत नाही, पुस्तकं तेच सांगतात, आणि मला मनापासून तसंच वाटतं. सासूनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "तुमी खरं बोललाव म्हणून लेकरू वाचलं." मला तो मान घेववेना.  "शून्य नाही म्हणजे?" एवढंच संगीतानं एकदा विचारलं.

तिचा करार पुढं नवा झाला नाही. बाळंतपणामुळं जमणार नाही, असं कारण आलं. खरं कारण तेच असेल. नसेलही. विभागाची गोष्ट जिच्यामुळं बाहेर फुटली असती, नेमकी तिचीच नोकरी कायम नव्हती, हे माझ्या संशयी डोक्यातून अजून जात नाही. मी साहेबांना तोंडावर विचारलं, त्यांनी तोंडावर नाही म्हटलं. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल फार चांगलं भाषण केलं. मल्लिनाथनं शाल आणली होती. पांघरायच्या आधी मी ती उलटून बघितली, तेव्हा सगळे हसले.

संगीताला मुलगी झाली. गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची, नाव भैरवी. संगीता आता परंड्यात एका छोट्या दवाखान्यात असते. तिच्यामाझ्यात राग राहिलेला नाही. सणावाराला येते, पायाही पडते. पण मुलीला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, शाळेत चक्कर आली की पहिला फोन बालरोगतज्ज्ञाला जात नाही, मला येतो. मी सांगते की मुलांना होतंच असं. ती "व्हय मॅडम" म्हणते आणि फोन ठेवत नाही. मग आम्ही दोघी पाऊसपाण्याचं काहीतरी बोलत राहतो.

परवा दोघी आल्या होत्या. भैरवी सहा वर्षांची झालीय. आल्या आल्या तिनं मला तोंड उघडून दाखवलं. खालचा पुढचा एक दात पडला होता. रुमालात बांधून आणला होता तो. संगीतानं गाठ सोडली आणि तो इवलासा दात माझ्या तळहातावर ठेवला.

"इतक्या लवकर पडतो का हो?"

"लवकर कुठं? सहाव्या वर्षी पडतोच. माझ्या लेकीचाही तेव्हाच पडला होता."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मुलीला म्हणाली, जा, अंगणात खेळ जरा. ती पळत बाहेर गेली, तिच्यामागं दार नीट लागलं का ते संगीतानं बघितलं, आणि मला पुन्हा विचारलं, "नक्की ना?"